अकरा नंबरची टेकडी

आई गेल्याला चार महिने झाले होते, तेव्हा ठेकेदार घर मोजायला आला. तो एकटाच आला होता, त्यामुळे फितीचं दुसरं टोक मलाच धरावं लागलं. ज्या घरातून सुटायचं आहे त्याची लांबीरुंदी आपल्याच हातांनी मोजून द्यायची, यात काही वाटून घ्यावं इतकं त्राण तेव्हा माझ्यात नव्हतं.

सगळं ठरलं होतं. ठेकेदार माझ्या धाकट्या भावानेच शोधला होता. घर पाडून तिथे तीन मजली इमारत होणार होती. बाबा भावाच्या फ्लॅटवर जाणार होते, लिफ्ट असलेल्या. मी माझ्या शहरात परत जाणार होते, ग्रंथालयातल्या माझ्या टेबलाकडे. आईच्या आजारपणात घेतलेली रजा चौदा महिन्यांवर गेली होती आणि शेवटचे सहा महिने बिनपगारी होते. मुख्य ग्रंथपाल बाईंनी स्वतः पत्र लिहिलं होतं. महिनाअखेरपर्यंत थांबते, त्यानंतर जागा राखून ठेवणं माझ्या हातात नाही, असं. बाबा सगळ्याला हो म्हणत होते. पण मी त्यांच्या खोलीत नेऊन ठेवलेल्या सहा खोक्यांपैकी एकातही त्यांनी अजून एक पुस्तक घातलं नव्हतं.

ठेकेदार मागच्या अंगणात आला. तिथे आईच्या खोलीची बाहेरची भिंत आहे. चुनखडीच्या ओबडधोबड दगडांची, उत्तरेकडे तोंड असलेली, कधीच गिलावा न केलेली. न्हाणीघराचं पाणी तिच्या पायाशी वाहतं. घराची सावली दिवसभर तिच्यावर असते. ती मी कधी पूर्ण वाळलेली पाहिलेली नाही. ठेकेदाराने खिशातून किल्ली काढली आणि दगडांमधला चुना किती पक्का आहे ते बघायला खरवडायला सुरुवात केली.

"तिथे नको," बाबा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले.

या सगळ्या व्यवहारात त्यांनी आपणहून उच्चारलेले ते पहिले दोन शब्द. ठेकेदार हसला. काका, अख्खी भिंतच जायची आहे, ओरखड्याचं काय घेऊन बसलात, म्हणाला. बाबा आत गेले.

त्या भिंतीशी माझं जुनं वैर होतं. आईच्या छातीचं दुखणं सुरू झालं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की खोलीला ओल आहे, एक तर गिलावा करून घ्या नाहीतर यांना दुसऱ्या खोलीत हलवा. नंतरही दोनदा सांगितलं. तिन्ही वेळा बाबांचं उत्तर एकच होतं, भिंतीला हात लावायचा नाही. खोली बदलायचा विषय काढला की आई म्हणायची, असू दे गं, मला इथली सवय आहे. मी त्याचा अर्थ नवऱ्यापुढे बोलायची सवय नाही असा लावला. सात वर्षं ती त्या खोलीत खोकत राहिली. शेवटच्या दिवसांत उबळ आली की पलंगाची कड इतकी घट्ट धरायची की उबळ गेल्यावर एकेक बोट मला सोडवून घ्यावं लागायचं. ती गेल्यावर मी बाबांना एका शब्दाने काही बोलले नाही. वेळेवर जेवायला वाढत होते, गोळ्या देत होते आणि माफ करत नव्हते.

ठेकेदार गेल्यावर मी किल्लीचा ओरखडा बघायला गेले. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्या भिंतीला लागलं आहे हे बघायला. हिरवट पापुद्रा निघाला होता आणि त्याच्या कडेला, दगडाच्या खोबणीत, काहीतरी चिकटून बसलं होतं. नखाने अलगद सोडवल्यावर ते तळहातावर पडलं. तांदळाच्या दाण्याएवढं, फिकट तपकिरी.

मी शंखांच्या माणसाची मुलगी आहे. ते घेऊन मी थेट बाबांच्या टेबलावरच्या भिंगाकडे गेले.

बाबा संग्रहालयात शंख विभाग सांभाळायचे. चौतीस वर्षं. समुद्रातले मोठे, देखणे शंख काचेमागे होते, शाळेच्या सहली यायच्या त्या त्यांच्यासाठी. बाबांचा जीव मात्र जमिनीवरच्या, कुणी ढुंकून न पाहिलेल्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या गोगलगायींत होता. शहराच्या पलीकडे सपाट शेतजमिनीत चुनखडीच्या सत्तावीस टेकड्या विखरून उभ्या आहेत. म्हणजे होत्या. या गोगलगायींना कवच बांधायला चुना लागतो, दडायला सावलीतली फट लागते. दोन टेकड्यांच्या मध्ये काळी माती, नांगरट आणि ऊन. माणसाला ते अंतर अर्ध्या तासाचं, पण या जिवांना ते ओलांडता येत नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या त्या आपापल्या टेकडीवरच राहिल्या आणि एकेका टेकडीची गोगलगाय वेगळी होत गेली. कुठे बुटकी, कुठे उंच, कुठे कवचाच्या तोंडाशी दात असलेली. बाबांच्या खोलीत या टेकड्यांचा भिंतभर नकाशा होता. जिवंत सापडली तर काळा ठिपका, नुसतं रिकामं कवच मिळालं तर पोकळ वर्तुळ, संपली तर फुली.

ठिपका द्यायचा बाबांचा नियम कडक होता. काचेच्या कुपीत नमुना हवा आणि त्याच कुपीत चिठ्ठी हवी. चिठ्ठी जागेवरच लिहायची, पेन्सिलीने, घरी येऊन आठवून नाही. ठिकाण, तारीख, खडकाची दिशा, संग्राहक. चिठ्ठी नाही तर ठिपका नाही. लहानपणी मी गंमत म्हणून एका टेकडीवर लाल ठिपका काढला होता. बाबांनी तो ब्लेडने खरवडला आणि दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले.

आम्ही घरात या गोगलगायींना टेकडीच्या नंबरावरून ओळखायचो. चारवाली, सतरावाली. आई तर शेजारणींची विचारपूस करावी तशी विचारायची, "काय म्हणतेय नऊवाली?" नऊवाली सगळ्यांत न्यारी होती. बाकी सगळ्यांच्या कवचांची वळणं उजवीकडे जायची, तिची एकटीची डावीकडे. तोंडाशी तीन दात. जगात कुठे नाही, फक्त नऊ नंबरच्या टेकडीवर, आणि तिथेही फक्त उत्तरेच्या अंगाला. तेरा वर्षांपूर्वी सिमेंटसाठी ती टेकडी सुरुंग लावून फोडली. बाबांनी अर्ज केले, कुप्या घेऊन कचेऱ्यांत खेटे घातले, काही झालं नाही. नकाशावर नऊच्या जागी फुली आली. त्या फुलीवर पेन्सिल दोनदा फिरलेली दिसते.

भिंगाखाली मी कवच फिरवून बघितलं. वळण डावीकडे जात होतं. मी दात मोजले. तीन.

बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मला वाटतं ते वाट बघत होते.

मी विचारलं, तुम्ही यांना इथे आणून ठेवलंत आणि यांच्यासाठी आईला त्या ओलीत ठेवलंत का. आवाज चढला नव्हता. मला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

"मी नाही आणल्या," बाबा म्हणाले. "तिने आणल्या."

मग त्यांनी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, मध्ये पाणी पिऊन. सुरुंगाच्या आदल्या दिवशी ते दोघं नऊवर गेले होते. बाबांना शेवटचं मोजायचं होतं. आई नेहमीसारखी खालीच बसली होती. तिच्या गुडघ्यांमुळे ती कधी वर चढायची नाही. प्रत्येक टेकडीवर ती बरोबर असायची, थर्मास आणि पुस्तक घेऊन, आणि बसल्या जागी हात पोचेल तिथले दगड उलटून बघायची. बाबांच्या कितीतरी कुप्या त्या बसल्या जागेवरच्या होत्या. त्या दिवशी ती म्हणाली, थोड्या घेऊन जाऊ. बाबा नाही म्हणाले. एकदा जीव उचलून इकडचा तिकडे ठेवला की तो तिथे आपणहून होता की कुणी आणला, हे पुढच्या माणसाला कधीच कळत नाही. सगळा नकाशा बिघडतो. मेलेली जात नोंदवता येते, हलवलेली नाही. घरी आल्यावर आईने पर्समधून चष्म्याचं घर काढलं आणि उघडलं. आत ओल्या रुमालात बेचाळीस.

"मी पंधरा दिवस बोललो नाही तिच्याशी," बाबा म्हणाले. "तोवर तिने त्या भिंतीवर सोडल्या. नऊच्याच पलीकडच्या खाणीचा दगड आहे तो. मला माहीत होतं, तिला कसं कळलं कोण जाणे."

गिलाव्याला नाही म्हणायलाही तिनेच सांगितलं होतं, आणि मुलांना कळू द्यायचं नाही हेही तिचंच.

"का?"

"तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तिला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं असतं."

"नेलंच असतं."

"म्हणून," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी आईच्या खोलीत जाऊन बसले. पलंगाखाली एक झारी होती, मी ती चार महिन्यांत दोनदा झाडताना बाजूला केली होती. आमच्या घरात एकही कुंडी नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. खिडकी भिंतीच्या त्याच अंगाला उघडते. हात बाहेर काढला की दगड हाताला लागतो. आई गेल्यापासून बाबा मगाने पाणी मारत होते. त्यांचा हात थरथरतो, अर्धं पाणी पायरीवर सांडायचं. पायरी निसरडी करून ठेवता, पडाल एखाद दिवशी, असं मी त्यांना दोनदा रागावले होते.

सात वर्षं मी ज्याच्यावर खापर फोडलं होतं तो माणूस पलीकडच्या खोलीत दिवा न लावता बसला होता. आणि जिच्यासाठी फोडलं होतं तिला मी तिची बाजू घेणं नकोच होतं. राग कुठे ठेवायचा ते मला कळेना. तो आईवर ठेवून बघितला, तिथे तो टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराला फोन केला. माणूस सरळ होता. म्हणाला, ताई, तेवढीच भिंत ठेवू की, कुंपणात घेऊ, माझं काय जातं. मी आनंदाने बाबांना सांगायला गेले. बाबांनी कागदावर चौकोन काढून सूर्य कुठून कुठे जातो ते दाखवलं. घर पाडलं की भिंतीवर सकाळपासून ऊन. न्हाणीघर गेलं की पाणी गेलं. एका उन्हाळ्याचं काम. म्हणजे भिंतीला घर हवं, घराला माणूस हवा, आणि बाबांना झारी उचलत नव्हती. हा हिशोब मला सुटायला वेळ लागला नाही. त्यात उरलेला माणूस मी होते.

भावाने फोनवर आधी थट्टा केली. त्या गोगलगायी टेकडी बदलत नाहीत आणि आपले बाबा खोली बदलत नाहीत, म्हणाला, मधल्या मध्ये आपण दोघं. मी हसले नाही तेव्हा त्याचा आवाज बदलला.

"ताई, तू काय जन्मभर भिंतीला पाणी घालत बसणार आहेस?"

मी म्हटलं, बघते. महिना संपायला तेव्हा नऊ दिवस होते.

त्या नऊ दिवसांत मी नकाशासमोर खूप वेळ उभी राहिले. माझं लक्ष अकरा नंबरवर जायचं. अकरावर काहीच नव्हतं, ना ठिपका, ना वर्तुळ, ना फुली. नऊपासून सर्वांत जवळची टेकडी, तोच दगड, उत्तरेला तशीच सावली, झिरपणारं पाणी. बाबांनी ती चौतीस वर्षांत एकोणीस वेळा चाळली होती, रिकामं कवचसुद्धा मिळालं नव्हतं. तिथे त्या जगू शकत नाहीत म्हणून नाहीत, की कधी पोचल्याच नाहीत म्हणून नाहीत, हे बाबांना आयुष्यभर सुटलं नव्हतं. आई दर वेळी परतताना म्हणायची, अहो, दोन सोडून बघा की, कळेल. आणि बाबा दर वेळी गाडीची काच खाली करून बाहेर बघायचे.

आठव्या दिवशी मी म्हटलं, बाबा, अकरावर नेऊ.

ते नाही म्हणाले. मी कारण विचारलं नाही, तरी त्यांनी दिलं. नकाशा खोटा होईल.

"नऊवालीवर फुली आहे आणि ती मागच्या अंगणात जिवंत आहे," मी म्हटलं. "तो आत्ताही खोटाच आहे, बाबा. तेरा वर्षं."

मग त्यांनी बुटांकडे हात नेला. तो पोचेना, म्हणून मी खाली बसून त्यांच्या नाड्या बांधल्या.

आम्ही भाड्याची गाडी केली. भिंतीवर सगळ्या मिळून एकाहत्तर होत्या, त्यांतल्या मोठ्या, पूर्ण दात आलेल्या तीस मी आईच्या चष्म्याच्या घरात घेतल्या. बाबांनी सांगितलं, अर्ध्यापेक्षा कमीच ने. आकाश भरून आलेलं होतं आणि हवा दमट होती. अकराच्या उत्तरेच्या अंगाला मी त्या एकेक करून फटींत ठेवल्या. बाबा खाली दगडावर बसून वर माझा हात कुठे जातो ते बघत होते. ठेवल्या की त्या आत अंग ओढून घ्यायच्या आणि खडकाला चिकटायच्या. हवा मानवली नाही तर त्या अशाच बंद होऊन कित्येक महिने राहतात. जिवंत आहेत की आतल्या आत वाळल्या, बाहेरून कळत नाही. कळायचं एकच लक्षण होतं, पुढच्या वर्षी नवं पिल्लू दिसणं.

पुढच्या वर्षी. परतीच्या वाटेवर मी ते दोन शब्द मनात घोळवत होते. तोवर भिंत हवी, म्हणजे घर हवं. मी येत नाही, असं ग्रंथपाल बाईंना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं, चांगलंच होतं, माझ्या टेबलावरची माझी पेनं आणि कप त्यांनी पार्सलने पाठवले. ठेकेदार तीन आठवडे थांबला आणि मग त्याने दुसरीकडे जागा घेतली. भावाने महिनाभर फोन केला नाही.

त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला झारी. कोरड्या महिन्यांत दुपारीही. भावाकडे मुंज नाही की साखरपुडा नाही, नुसतं दोन दिवस राहायला ये म्हणाला तरी मी जाऊ शकले नाही, कारण तो आठवडा भयंकर तापला होता. मी सुरुवातीला आईच्या खोलीत फक्त पाणी मारायला जायचे, मग खिडकीशी पुस्तक घेऊन बसायला लागले, मग थंडीत तिथेच झोपायला लागले. एकदा मला दोन दिवस खोकला झाला, तर बाबा दारात येऊन उभे राहिले. माझा पलंग पलीकडच्या खोलीत हलवायचा म्हणाले. असू दे, मला इथली सवय झालीय, असं माझ्या तोंडून निघालं.

पुढच्या वर्षी ओल धरल्यावर आम्ही अकरावर गेलो. बाबांना आता काठी आणि माझा खांदा दोन्ही लागत होतं. त्यांना खालच्या दगडावर बसवून मी वर गेले. ज्या फटींत ठेवल्या होत्या त्या मला डोळे मिटून सापडल्या असत्या. पहिल्या फटीत दोन रिकामी कवचं मिळाली. नंतर पाच. मग काहीच नाही. तीन तास मी खांद्याच्या उंचीवर, डोक्याच्या उंचीवर, पालथ्या दगडाखाली शोधलं. नकाशावर अकराच्या जागी पोकळ वर्तुळ काढावं लागणार, आणि भिंत माझ्या गळ्यात कायमची, हे मला दिसायला लागलं. मी खाली आले आणि बाबांच्या शेजारी बसले.

बाबा म्हणाले, "तुझी आई उभ्याने कधी शोधायची नाही."

मी बसले होते तिथेच गुडघ्यावर वळले. हाताच्या अंतरावर एक दगड होता, खालच्या अंगाला ओला. मी ठेवल्या होत्या तिथून चांगला दहा हात खाली. तो अर्धा उचलला. त्याच्या पोटाला मला आधी वाळूचा कण वाटला. मग तो सरकला.

भिंग माझ्या हातात स्थिर राहीना, बाबांनी माझं मनगट धरलं. दोन थरथरणारे हात मिळून एक बरा हात झाला. वळण डावीकडे. तिळापेक्षा बारीक. तोंडाशी काही नाही.

"दात?" बाबांनी विचारलं.

"नाहीत. अजून यायचेत."

आम्ही नेलेल्या सगळ्याच्या सगळ्या तिसांना दात आलेले होते. बाबांनी डोळे मिटून मान हलवली. नंतर त्या एका दगडाखाली आणि शेजारच्या दोघांखाली मिळून मला अकरा पिल्लं आणि चार मोठ्या दिसल्या. त्या सगळ्या उतरत उतरत बसल्या जागेपाशी आल्या होत्या, पाणी तिथे झिरपत होतं.

बाबांनी खिशातून कुपी काढली. मी म्हटलं, यांतली एकही घ्यायची नाही. ते म्हणाले, घेत नाही, आणि मला कागद पुढे करून लिही म्हणाले. मी पेन्सिलीने लिहिलं. टेकडी अकरा, उत्तरेचा पायथा. तारीख. नऊवरून भिंतीवर आणि भिंतीवरून इथे आणलेली, हे त्यांनी शब्द मोजून सांगितलं. मग संग्राहक आलं. मी त्यांचं नाव लिहायला घेतलं.

"तिचं लिही," बाबा म्हणाले.

चौतीस वर्षांच्या कपाटात तिच्या नावाची एकही चिठ्ठी नाही. मी आईचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरचंही, चिठ्ठीवर ते जेमतेम मावलं. बाबांनी चिठ्ठी रिकाम्या कुपीत घातली आणि बूच लावलं. घरी आल्यावर त्यांनी खुर्ची ओढायला लावली, मी त्यांना धरून ठेवलं आणि त्यांनी अकरावर ठिपका दिला. मग नऊच्या फुलीकडे बघितलं आणि ती तशीच राहू दिली.

दुपारी उशिरा जेवताना ते म्हणाले, उरलेल्या तिकडे सोडून ये या पंधरवड्यात, धाकट्याला फोन कर, गिऱ्हाईक बघू दे. तू सुटलीस.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, खरंच का गं. त्याने विचारलं, तू कुठे जाणार, ग्रंथालयात परत घेतील का. मी म्हटलं, माहीत नाही, विचारते उद्या. ग्रंथपाल बाईंचा नंबर माझ्याकडे होता. बाबांनी आपल्या खोलीत पहिलं खोकं ओढल्याचा आवाज आला, आणि त्यात पुस्तक पडल्याचा, आणि बऱ्याच वेळाने दुसरं.

सहा वाजले होते. मी झारी भरली आणि आईच्या खिडकीतून हात बाहेर काढला.